एकतीस वेळा 'नाही'

११ जून, बुधवार. एसटीत, लोहा सोडल्यावर

अक्षर हलतंय, त्याला मी काय करू. घरी जाऊन लिहू म्हटलं तर लिहिणार नाही, मला माझी सवय माहीत आहे.

आज डॉक्टरांकडे सातवा नंबर. बाकावर बसले, मोबाइलमध्ये डोकं घातलं, आणि मान वर करते तर समोर व्यंकटमामा. आमच्या डाळमिलचे. टॉवेल डोक्याला गुंडाळून, भिंतीकडे तोंड करून बसलेले. शेजारी मामी. लातुरात मनाचे डॉक्टर काय कमी आहेत? पण तिथं कुणी बघेल म्हणून मी साडेतीन तास हाडं खिळखिळी करून नांदेडला येते. मामाही त्याच अकलेनं आलेले.

बोलावं तर लागलंच.

"मॅडम, इकडं कुणीकडं?"

"डोळे दाखवायचे होते."

"हाव का. आमचं बी गुडघ्याचं हाय."

डोक्यावर हातभर पाटी, मनोविकार व व्यसनमुक्ती. तिच्याखाली माझे डोळे आणि त्यांचा गुडघा. मामी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. त्यांचा नंबर आधी पुकारला, तेव्हा त्यांच्या हातातली फाइल दिसली. फुगलेली, कडा झिजलेल्या, दोन रबरं लावलेली. माझी दोन वर्षांची फाइल अजून पातळ आहे. म्हणजे यांचं जुनं दुखणं दिसतंय.

डॉ. म्हणाले पांढरी गोळी चालू ठेवा, रात्रीची अर्धी गोळी पण. धडधड आठवड्यातून किती वेळा? म्हटलं दोनदा, कधी तीनदा. (यापुढं इथं नुसतं 'धड.' लिहीन. पूर्ण शब्द लिहिला की आठवण होते आणि सुरूच होते.)

१२ जून, गुरुवार

दिवसभर मामा आणि मी एकमेकांना चुकवत फिरलो. एवढ्याशा मिलमध्ये ते सोपं नाही. एकतीस माणसं, एक वजनकाटा, एक ऑफिस. ट्रक आला की माझ्या खिडकीसमोरच लागतो आणि मामा येऊन पोत्यात हात घालतात, तुरीचा एक दाणा दाताखाली फोडतात आणि सांगतात, ओल आहे की नाही. शेठनी ओल मोजायचं यंत्र आणलंय. ते नंतर लावतात, पण शेठ मामांचा दात बघूनच माल उतरवतात.

आज फोडला दाणा. "चालतंय," म्हणाले आणि माझ्याकडे न बघता गेले.

मी इथं बारा वर्षं आहे. हजेरी, पगार, पीएफ, विमा, सगळे कागद माझ्या टेबलावरून जातात, गोदामाच्या किल्ल्याही माझ्याकडेच. 'वाघमारे मॅडमला विचारा' हे मिलमधलं निम्म्या प्रश्नांचं उत्तर आहे. त्या वाघमारे मॅडम अहमदपूरच्या स्टँडवर बस थांबली की छातीवर हात धरून बसतात, हे कुणाला माहीत नाही. गौतमला सोडून. गौतम नवरा आहे म्हणून माहीत आहे, नाहीतर त्यालाही सांगितलं नसतं.

१६ जून, सोमवार

हदगावहून दादाचा फोन. जयभीम झालं आणि लगेच भांडण. "तू नांदेडला येऊन राहिली अन् हदगाव दिसत नाही तुला? गौतमरावांना फोन केला तर सांगून राहिले, नांदेडहून माहेरी गेली म्हणून."

ठरलेलं असतं की मी 'माहेरी' जाते. शेठला तसं, सासूला तसं. माहेरच्यांनाच ते सांगायचं नसतं, गौतमला एवढं लक्षात राहू नये? तो रेणापूरला शाळेत पोरांना शिकवतो, खोटं कसं बोलायचं ते पोरांकडून शिकून घे म्हणावं. रात्री बोलले तर हसायला लागला. मी नाही हसले.

धड. एकदा, दुपारी.

२४ जून, मंगळवार

आज मामांचं चुकलं. ट्रक उतरवून घेतला आणि यंत्रावर माल ओला निघाला. शेठ रागावले नाहीत, नुसते 'व्यंकट, वय झालं का रे' म्हणाले. मामांनी अजून एक दाणा तोंडात टाकला. फोडला नाही. तसाच तोंडात धरून उभे राहिले, कितीतरी वेळ. हमाल खाली वाकून पोती मोजायच्या नावाखाली हसत होते.

मला कळलं होतं. चव लागत नाही, हेच ना? गेल्या वर्षी माझं तसं झालं होतं, पंधरा दिवस वरणात मीठ कळत नव्हतं. जाऊन बोलावं असं वाटलं. काय बोलणार? गुडघा कसा आहे?

नाही गेले.

२ जुलै, बुधवार

मामा तीन दिवस खाडा. पेरणीला गावी गेले असतील म्हणून मी हजेरीत तसंच लिहून टाकलं. आज मामीचा फोन, बोलणं कमी आणि रडणं जास्त. मामा त्यांच्या गावच्या, जळकोटच्या स्टँडवर सापडले. दोन दिवस तिथं बसून होते. कुणी विचारलं कुठं जायचं तर नुसते बसकडे बघायचे. जेवण नाही, बोलणं नाही. ओळखीच्या कंडक्टरनं लातूरला घरी कळवलं. आता नांदेडला त्याच डॉक्टरांच्या दवाखान्यात भरती केलंय.

"मॅडम, तुमाला तर ठावं हाय तो दवाखाना," मामी म्हणाल्या.

एवढंच. टोमणा नव्हता. 

३ जुलै, गुरुवार

शेठना सांगितलं, मामा दवाखान्यात आहेत. ताबडतोब म्हणाले, "विमा आहे ना आपला, लावा." शेठ मनानं वाईट नाहीत. मागं एका हमालाचा हात चाळणीत गेला, तेव्हा स्वतः गाडी चालवत सोलापूरला घेऊन गेले होते. मग विचारलं, "झालंय काय?" मी म्हटलं, झोप नाही, जेवण नाही, भरती केलंय. "म्हणजे अशक्तपणा." मी 'हं' म्हटलं.

विम्याच्या पाटील साहेबांना फोन लावून खरं सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, काळजीच नको. कायदा झालाय. शरीराच्या आजाराला जे, तेच मनाच्या आजाराला. नाही म्हणताच येत नाही कंपनीला." मी विचारलं, आणि नुसत्या गोळ्या चालू असतील, भरती नसेल, तर? "तर नाही. चोवीस तास भरती पाहिजे." म्हणजे वेड लागायचं तर पूर्ण चोवीस तास लागावं, माझ्यासारखं हप्त्याहप्त्यानं चालत नाही. विचारून बसल्यावर घाबरले. पाटील म्हणाले, "गोळ्या कुणाला चालू आहेत?" म्हटलं, सहज विचारलं.

५ जुलै, शनिवार

नाकारलं.

नाकारलं नाही म्हणे, 'खुलासा मागवला'. पण दवाखान्याला तर आज पैसे मिळणार नाहीत, मग फरक काय? पत्रात लिहिलंय की रुग्ण सहा वर्षांपासून उपचार घेतोय असं दवाखान्याच्या कागदांवर दिसतं. तुमच्या फॉर्ममध्ये मात्र मानसिक आजाराच्या रकान्यात 'नाही' आहे. माहिती कुणी लपवली, पंधरा दिवसांत लेखी कळवा. सोबत फॉर्मची प्रत.

प्रत उघडली. माझंच अक्षर.

मोठ्या कंपन्यांना हे फॉर्मचं लचांड नसतं म्हणे, आपल्यासारख्या लहान मिलना असतं. दिवाळीच्या आदल्या दिवशी पाटील फॉर्म घेऊन आले होते. त्या दिवशी मिठाईचे पुडे वाटायचे असतात, म्हणून झाडून सगळे हजर. बोनसच्या रजिस्टरवर सही, त्याच्या खाली विम्याच्या कोऱ्या कागदावर सही, मग पुडा. कुणी विचारलं नाही कशाची सही, आणि मी सांगितलं नाही. सगळे गेल्यावर मी एका बैठकीत तक्ता भरला. साखर, बी.पी., हृदय, मानसिक. पहिल्या ओळीत 'नाही' आणि खाली तीस वेळा दोन-दोन रेघोट्या, म्हणजे 'वरीलप्रमाणे'. अर्ध्या तासात काम फत्ते. स्वतःवर खूश होऊन घरी गेले होते.

तिसरी ओळ व्यंकटमामा. सातवी ओळ मी. तिथंही रेघोट्या. पर्समध्ये गोळ्यांची पट्टी होती तेव्हा.

धड. तीनदा. एकदा तर जिन्यात बसले.

६ जुलै, रविवार

गौतमला सगळं सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "मुद्दाम तर नाही केलंस. सगळ्या मिलमध्ये असंच भरतात." हे ऐकून बरं वाटायला पाहिजे होतं. उलट चीड आली. कपडे धुवायला घेतले, धुतलेले परत धुतले. पोरगी म्हणाली, आई ती चादर कालच धुतली. चिडले तिच्यावर. मग वाईट वाटून शिरा केला. तोही करपला.

एका जागी बसवत नाही. हे लिहिताना दोनदा उठून गॅस बघून आले.

७ जुलै, सोमवार

शेठना पत्र दाखवलं. 'मानसिक' शब्दावर बोट ठेवून बराच वेळ बसले. "व्यंकट? सहा वर्षं? आणि त्याच्या दातावर मी ट्रक उतरवायलो?"

मग सांगितलं, पत्र लिहा. कर्मचाऱ्यानं स्वतः माहिती लपवली, मिलला कल्पना नव्हती.

"पण फॉर्म मी भरला होता, शेठ."

"सही त्याची आहे का?"

"आहे."

"मग झालं."

टाइप केलं. दोन ओळींचं तर पत्र. पाटील फोनवर म्हणाले, असं पत्र गेलं की मामांचा दावा तर जाईलच, त्यांचं नाव पॉलिसीतूनच काढतील. पुढंही काही मिळणार नाही. "मिल सेफ राहील, मॅडम," असं त्यांनी समजूत घालायच्या सुरात सांगितलं.

पाठवलं नाही. शेठना म्हटलं, नेट बंद आहे.

८ जुलै, मंगळवार. नांदेड

रजा टाकून आले. या वेळी कुणाला 'माहेरी' सांगितलं नाही, काहीच सांगितलं नाही.

मामा खाटेवर बसलेले. दाढी वाढलेली, पण डोळे माझ्याकडे वळले. म्हणाले, "गाडी उतरली का?" मिलचा ट्रक. हो म्हटलं. डॉ. बाहेर येऊन बोलले, सुधारणा सुरू झालीय, अजून दोन-तीन आठवडे इथं राहायला हवं. आत्ता नेलं तर परत तिथंच येऊन पडतील. पुढच्या वेळी स्टँडवरच सापडतील असं नाही, हेही म्हणाले. मामी ऐकत होत्या.

जिन्यात मामीनं माझा हात धरला. "मॅडम, कागदावर टायफाड लिव्हता येतं का वं? धाकटीचं बघायलोत. उदगीरचं स्थळ हाय." मी म्हटलं, डॉक्टर नाही लिहिणार. "मग आमी किती दिस ठिवावं इथं? तुमी सांगा."  माझ्या पर्समध्ये शेठच्या पत्राची प्रत होती.

१० जुलै, गुरुवार

मामीचा फोन. सोडवून नेलं आज. आठ दिवसच झाले. डॉक्टरांनी लिहून घेतलं की घरचे स्वतःच्या जबाबदारीवर नेतायत. जळकोटला गावच्या घरी पोचले. मामा ओसरीवर बसलेत, चहा अर्धा पिला.

अर्धा पिला हे मामीनं दोनदा सांगितलं, चांगली बातमी असल्यासारखं.

११ जुलै, शुक्रवार

पाठवलं. शेठचं नाही, माझं.

'सदर फॉर्म कार्यालयाने भरला. कर्मचाऱ्यांना आजाराबद्दल विचारण्यात आले नव्हते. सह्या कोऱ्या फॉर्मवर घेतल्या होत्या. श्री. व्यंकट यांनी कोणतीही माहिती लपवलेली नाही. चूक माझी आहे.' खाली नाव, हुद्दा, सही. सकाळी दहा वाजून वीस मिनिटं.

मामांसाठी केलं असं लिहायचं मन होतंय, पण ही वही तरी खोटी नको. निम्मं भीतीनं केलं. आज मामांना 'लपवणारा' ठरवलं तर उद्या सातव्या ओळीचं काय, हे गेले चार दिवस डोक्यात फिरतंय. फिरून फिरून माझ्याच डोक्याचा भुगा झाला.

दुपारी शेठना कळलं. पाटलांनीच फोन केला असणार. शेठ कधी ओरडत नाहीत, आज ओरडले. "मिलची अब्रू वेशीला टांगली तुम्ही. मला विचारलं का?"

"नाही."

"का नाही?"

"विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता."

हे मी म्हणाले. बारा वर्षांत पहिल्यांदा. मग बाथरूममध्ये जाऊन पंधरा मिनिटं नळ चालू ठेवून बसले. धड. मोजली नाही.

१४ जुलै, सोमवार

उत्तर आलं. खुलासा विचाराधीन. मामांचं नाव तूर्त ठेवलंय. पण सगळ्या एकतीस जणांचे फॉर्म नव्यानं हवेत, प्रत्येकाला समोर बसवून, विचारून, त्याच्या सहीनं, आणि तसं मी लिहून द्यायचं. २८ तारखेला पाटील न्यायला येणार. मामांचं नव्या फॉर्मवरचं उत्तर दवाखान्याच्या कागदांशी जुळलं तर दावा पुढं जाईल, आणि परत भरती करावं लागलं तरी विमा चालेल. नाही जुळलं तर विषय संपला.

शेठ म्हणाले, "तुम्हीच निस्तरा." काटा बंद ठेवून रोज दुपारी एक तास दिला. मानलं पाहिजे.

१७ जुलै, गुरुवार

तीन दिवसांत एकोणीस जण. वाटलं होतं 'नाही, नाही' म्हणत पटापट होतील. साखर, बी.पी. पटकन सांगतात, बी.पी. तर अभिमानानं सांगतात. चौथ्या प्रश्नावर दाराकडे बघतात.

निवडायला बसणाऱ्या बायांमधली शेवंता. "लेकरू गेलं तवा सालभर झोप नव्हती मला. ते धरायचं का?" म्हटलं, उपचार घेतला होता? "दर्ग्याला नेलं होतं. ताईत हाय अजून." दर्गा उपचारात धरतात का, हे मला कुठं माहीत? पाटलांना विचारलं, ते म्हणाले डॉक्टरचाच धरतात. म्हणून शेवंताचं 'नाही'. आणि ते खरं 'नाही' आहे, हीच तर गंमत. एक ड्रायव्हर म्हणाला, दोन घोट घेतल्याबिगर डोळा लागत न्हाई, पण लिव्हू नका. एकानं नांदेडच्या त्याच डॉक्टरांचं नाव घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, तुमी आयकलं, बास झालं. न्हाई लिव्हा."

त्यांना मी सांगते, खरं लिहिलं तर फायदा तुमचाच आहे. मान हलवतात. मी त्यांच्या जागी असते तर मीही हलवली असती.

आतापर्यंत चौथ्या रकान्यात एकही 'होय' नाही.

२१ जुलै, सोमवार

माझा फॉर्म गुरुवारपासून ड्रॉवरमध्ये पडून होता. गौतम म्हणत होता, लिहिणार असशील तर शेठना आधी तोंडी सांग, कागदावरून कळू देऊ नको. बरोबर आहे त्याचं. पण तोंडी सांगायला गेले असते तर सांगितलंच नसतं.

भरला. मानसिक : होय. केव्हापासून : दोन वर्षे. उपचार सुरू : होय. अक्षर बरं आलं. गठ्ठ्यात मध्ये घालणार होते. सगळ्यात वर ठेवला.

शेठ मालक म्हणून प्रत्येक फॉर्मवर सही करतात. चष्मा वर केला.

"तुम्ही?"

"हो."

"दिसत नाही तसं."

क्षणभर चक्क बरं वाटलं. पायऱ्या उतरताना राग आला. कसं दिसायला पाहिजे होतं?

रात्री छान झोपले. गौतमनं जेवायला बाहेर नेलं होतं. पोरीलाही सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं. गोळ्यांच्या पट्टीवरचं नाव शोधलं होतं मी." केव्हा? "नववीत असताना." दोन वर्षं मी कुणापासून लपवत होते कोण जाणे.

२४ जुलै, गुरुवार

सकाळी शेठनी खुर्ची ओढून बसायला सांगितलं. मऊ आवाज. "वाघमारे मॅडम, मी विचार केला. तुमच्यावर फार लोड आहे. गोदामाच्या किल्ल्या मोरे सांभाळतील आजपासून. चेकबुकचं पण बघू. तुम्ही बिनघोर राहा."

मोरे काट्यावर बसतो, सात महिने झाले त्याला लागून. मी म्हटलं, माझी तक्रार नव्हती. "तसं नाही हो. तब्येतीसाठी."

किल्ल्या टेबलावर ठेवल्या. मोरे घ्यायला लाजत होता, त्यालाच म्हटलं घे रे बाबा.

शेठ खरोखर माझ्या भल्यासाठी करतायत, आणि हेच मला सहन होत नाही. ओरडले असते तर भांडले असते. आता सगळे माझ्याशी हळू बोलतात. शेवंता तर मोठ्या आवाजात हसता हसता मला बघून थांबली. पेपरवेट खाली पडला तर तिघं धावले. बारा वर्षांत माझ्याकडून एक पोतं इकडचं तिकडं झालं नाही, दोन वर्षं गोळी घेऊन झालं नाही, आणि 'होय' लिहिल्यावर तीन दिवसांत...

पुढं लिहवत नाही.

२६ जुलै, शनिवार

तीस झाले. राहिले होते फक्त मामा.

अकराच्या सुमारास आले, मामी बरोबर. सदरा धुतलेला, दाढी केलेली, गाल आत गेलेले. आपल्या पायांनी जिना चढून आले. बाया दारात जमल्या, मामांनी सगळ्यांना हात केला. मी पाणी दिलं. मामी दाराशीच उभ्या राहिल्या, मला खुणेनं सांगत होत्या, झोप नाही, तीन दिवस. हाताची तीन बोटं.

नियम आहे म्हणून प्रश्न मोठ्यानं वाचले. साखर नाही. बी.पी. नाही. हृदय नाही. चौथा वाचला. मामांनीही दाराकडे बघितलं. मी सगळं समजावून सांगितलं. तुमचे कागद त्यांच्याकडे आहेत, 'होय' लिहिलं तर दावा चालेल, परत भरती व्हायची वेळ आली तरी दवाखाना घेईल. माझं बोलणं चांगलं झालं, एवढ्या वेळा सांगून पाठच झालंय.

"तुमी काय लिवलंत, मॅडम?"

"होय."

"आयकलं म्या. पोरं बोलायलीत." मग टेबलावर नजर फिरवली. "किल्ल्या मोऱ्याच्या कमरंला दिसायल्या."

"हं."

"कवापासून?"

"परवापासून."

मामांनी हाताचे तळवे मांडीवर पुसले. "किल्ल्याचं बरं असतंय, दुसऱ्याला देता येत्यात. माझ्याकडं काय हाय? दात. शेठला वाटलं ह्याचा भरवसा न्हाई, तर म्या मिलमदी कशाला यावं? न्हाई लिव्हा."

"मामा, 'नाही' लिहिलं की सगळंच गेलं."

"लिव्हा म्हन्तोय ना."

मामी दारातून म्हणाल्या, "होय लिव्हा हो मॅडम. म्या सांगते. पुन्यांदा तसं झालं तर म्या कुठं हुडकू ह्यांना?"

"तू गप ऱ्हा."

मी पेन खाली ठेवलं. एकच वाक्य बोलायचं होतं. मामा, काही होत नाही, लिहा तुम्ही. जिभेवर आलं होतं. या दहा-बारा दिवसांत एकोणतीस माणसांना कमीजास्त हेच सांगितलं मी. पण ते माझ्याकडे बघत होते, आणि माझ्याकडे बघून ते वाक्य कुणाला खरं वाटलं असतं?

सही मात्र करून दिली त्यांनी. चौथा रकाना कोरा ठेवून. म्हणाले, "तुमाला काय वाटंल ते लिव्हा मग. मागच्या बारीला बी तुमीच लिवलं हुतं." रागानं नाही म्हणाले. मग खाली जाऊन चालू असलेल्या चाळणीपाशी थोडा वेळ उभे राहिले, आणि मामीला घेऊन स्टँडला गेले. सोमवारी आठला कामावर येतो म्हणाले.

त्यांचा फॉर्म माझ्यासमोर आहे, पेन पण आहे. विचारल्याशिवाय कुणाचं काही भरणार नाही, असं मी लिहून दिलंय. आणि आता विचारलंय, आणि त्यांनी सांगितलंय. मामीनंही सांगितलंय.

पाटील सोमवारी अकराला येणार.